दुकानात नीट चालतो, घरी आणला की स्क्रीन जाते

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "काका, माझा गेमिंग पीसी दोन वर्षं जुना आहे. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड, सेकंडहँड घेतलेलं एएमडीचं आरएक्स 6700 एक्सटी ग्राफिक्स कार्ड, 550 वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा), 600 व्हीएचा यूपीएस. मॉनिटर 27 इंची, 1440पी, 165 हर्ट्झ, डिस्प्लेपोर्ट केबलवर. दोन महिन्यांपासून स्क्रीन मध्येच दोन-तीन सेकंद काळी होते आणि परत येते. कधी गेममध्ये, कधी नुसता ब्राउझर उघडा असताना. आवाज चालू असतो. शिवाय आठवड्यातून एकदा-दोनदा गेम खेळताना स्क्रीन जाते ती जातेच, 'नो सिग्नल' येतं, कार्डाचे पंखे जोरात सुटतात आणि बटण दाबून बंद करावं लागतं. दुकानात नेला तर चार तास व्यवस्थित चालला. तरी ते म्हणाले, कार्ड जायला आलंय, बदलून टाका. काय करू?"

हे बघ, आधी कार्डाचे पैसे खिशात ठेव. तू एक प्रश्न विचारलास, पण त्यात आजार दोन आहेत. दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येणारी स्क्रीन हा एक, आणि पंखे सुटून कायमची जाणारी स्क्रीन हा दुसरा. दोन्हींत स्क्रीन काळीच होते म्हणून तू त्यांची मोट एकत्र बांधलीस, आणि दुकानदारानेही तेच केलं. आपण दोन्ही वेगळे तपासू.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस: दुकानात चार तास व्यवस्थित चालला. यावरून "बंद-चालूवाला फॉल्ट आहे, सापडत नाही" असं म्हणून लोक हात टेकतात. मी उलटं विचारतो. दुकानात काय नेलं होतंस? कॅबिनेट. आणि घरी काय राहिलं? मॉनिटर, त्याची केबल, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतला सॉकेट, त्यामागचं अर्थिंग आणि तुझी खुर्ची. खुर्चीवर हसू नकोस, तिच्याकडेही येतो. जे दुकानात गेलं ते नीट चाललं, तर पहिला संशय जे घरी राहिलं त्याच्यावर घ्यायचा. कार्ड दुकानात गेलं होतं की!

आता हातात पेचकस घेऊ नकोस. वही घे. आठवडाभर प्रत्येक वेळी स्क्रीन गेली की चार गोष्टी लिही. किती वाजले, तू काय करत होतास, घरात त्या क्षणी काय चालू किंवा बंद झालं, आणि आवाजाचं काय झालं. आवाज नीट चालू राहिला तर कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त चित्र पोचत नाही. आवाज एकाच जागी अडकून 'टर्रर्र' करत राहिला तर आतलं काहीतरी कोलमडलंय. स्क्रीन काळी असताना कीबोर्डचं नम लॉक दाबून बघ. दिवा बदलला तर विंडोज शुद्धीवर आहे. दिवा ढिम्म असेल तर सगळंच गोठलंय. या साध्या चाचणीला पैसा लागत नाही, पण माझ्याकडे दुरुस्तीला येणारा एकही माणूस ती करून आलेला नसतो.

आणखी एक खूण. परत आलेल्या स्क्रीनवर गेम तसाच पुढे गेलेला दिसतो का? म्हणजे स्क्रीन आली तेव्हा तू मेलेला होतास आणि समोरचा तुझ्या सामानावर हात मारत होता, असं झालं का? तसं असेल तर कार्ड त्या तीन सेकंदांतही प्रामाणिकपणे चित्र बनवत होतं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कोसळतो तेव्हा चाल वेगळी असते. कार्ड उत्तर देईना झालं की विंडोज साधारण 2 सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. म्हणून आधी चित्र गोठतं, मग काळं होतं, आणि परत येताना बहुतेक वेळा गेम बंद पडलेला असतो. वर एएमडीची 'ड्रायव्हर टाइमआउट'ची खिडकीही उभी राहते. तुझ्या वर्णनात यातलं काही नाही.

पहिला आजार आधी घेऊ. स्क्रीन गेली असताना मॉनिटरचं स्वतःचं मेन्यूचं बटण दाब. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा तो मेन्यू कॉम्प्युटरमधून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. काळ्या पडद्यावर मेन्यू किंवा 'नो सिग्नल'ची पाटी दिसली तर मॉनिटर ठीक, सिग्नल येत नाही. मेन्यूही दिसला नाही, मॉनिटरचा दिवासुद्धा विझला, तर मॉनिटरला वीजच मिळत नाहीये. आणि दिवा चालू, पण पडदा काळा असेल तर अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका मार. आत अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेली, कार्डाचा काही दोष नाही.

हे मी शिकलो ते चूक करूनच. 2019 साली एका मुलाची स्क्रीन अशीच जायची. मी कार्ड काढलं, दुसरं लावलं, दोन दिवस चालवलं, छान चाललं म्हणून पैसे घेतले. आठवड्यात तो परत दारात. मॉनिटरला बाहेरचा ॲडॉप्टर होता आणि त्याची पिन मॉनिटरच्या मागे सैल बसत होती. टेबलाला धक्का लागला की वीज तुटायची. माझ्या टेबलावर मी माझाच मॉनिटर लावून तपासलं होतं, त्याचा घरी राहिला होता. त्याला कार्डाचे पैसे परत दिले आणि तेव्हापासून मॉनिटर आणि ॲडॉप्टर बघितल्याशिवाय मी कॅबिनेटचं झाकण उघडत नाही.

आता केबल. माझा अंदाज विचारशील तर तुझ्या तीन सेकंदांच्या आजाराचं मूळ इथे किंवा अर्थिंगमध्ये आहे. डिस्प्लेपोर्टमध्ये चित्र जातं ते प्रचंड वेगाच्या आकड्यांच्या ओघाने. कॉम्प्युटर सुरू होताना कार्ड आणि मॉनिटर आपसात बोलणी करतात, किती वेगाने द्यायचं, किती तारांवर द्यायचं हे ठरवतात. मध्येच सिग्नल इतका खराब झाला की मॉनिटरला आकडे जुळवता येईनात, तर तो पडदा काळा करतो आणि ही बोलणी पहिल्यापासून सुरू होतात. तुझे दोन-तीन सेकंद जातात ते तिथे. कधी कधी विंडोजला वाटतं मॉनिटर काढूनच घेतला, मग यूएसबी काढल्यावर वाजतो तसा आवाज येतो. तो ऐकू आला तर वहीत लिही.

ओघ केवढा ते बघ. 2560 गुणिले 1440 पिक्सेल, सेकंदाला 165 वेळा, दर पिक्सेलला 24 बिट. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ 14.6 गिगाबिट होतात, आणि वर ओळींमधल्या रिकाम्या जागेचा भार वेगळा. डिस्प्लेपोर्ट 1.2 च्या वेगाने प्रत्यक्ष हाती येतात 17.28 गिगाबिट. म्हणजे बसतं, पण कडेकडेने. त्यात 10 बिट रंग लावलास तर आकडा 18 च्या पुढे जातो आणि मग 1.4 चा वेगच लागतो. तोच मॉनिटर 60 हर्ट्झवर आणला तर लागतात जेमतेम 5.3 गिगाबिट. म्हणून सगळ्यात सोपी फुकट चाचणी ही: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दोन दिवस 60 हर्ट्झवर ठेव, रंग 8 बिट. काळं होणं थांबलं, तर केबल वरचा वेग पेलत नाहीये. मग 120 वर बघ, मग 144 वर. ज्या पायरीवर परत सुरू होईल तिथे तुझ्या केबलची धाव संपली.

चांगली केबल म्हणजे सोन्याचा मुलामा आणि जाड वेणी नव्हे. दीड ते दोन मीटरची, व्हेसाची (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेली घे, पाच मीटरची घेऊन टेबलामागे गुंडाळी करून ठेवू नकोस. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये आणखी एक खोड असते. या प्लगमधली विसावी पिन 3.3 व्होल्टची. साध्या केबलमध्ये ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडायची नसते, असा नियमच आहे. काही बनवणारे तरी जोडतात. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते, आणि कॉम्प्युटर बंद केला तरी एखादा दिवा मिणमिणत राहतो, नाहीतर सुरू करताना स्क्रीनच येत नाही. तसं काही तुझ्याकडे दिसत असेल तर ती केबल कात्रीने कापूनच टाक, नाहीतर घरातलं कोणीतरी ती पुन्हा कुठेतरी लावणार. नवी केबल येईपर्यंत एचडीएमआयवर चालवून बघितलंस तरी कळेल, फक्त मॉनिटरचं एचडीएमआय जुनं असेल तर 165 हर्ट्झ मिळणार नाहीत, त्याची काळजी करू नकोस. आणि लावताना तार कार्डाच्याच पोर्टला लाव. मदरबोर्डवरचा पोर्ट तुझ्या 5600 बरोबर चालत नाही, त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही.

केबल बदलूनही जात असेल तर वहीतला 'घरात काय चालू-बंद झालं' हा रकाना उघड. गंगापूर रोडला एका घरी असाच घोळ होता. मुलाने दोन केबली बदलल्या होत्या. कारण शोधलं त्याच्या ताईने. ती म्हणाली, "मी याच्या खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करते ना, तेव्हाच हा ओरडतो." सगळे हसले. मी पंखा दहा वेळा बंद-चालू केला, सहा वेळा स्क्रीन गेली. पंखा, ट्यूबची चोक, मिक्सर, पाण्याची मोटर यांच्यात तारेची वेटोळी असतात. बटण बंद करताना त्या वेटोळ्यातली ऊर्जा ठिणगी होऊन निघते आणि आजूबाजूच्या तारांत क्षणभर गोंधळ माजवते. कवच नीट असलेली केबल आणि पक्कं अर्थिंग असेल तर तो गोंधळ बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो. दोन्ही कच्चं असेल तर मॉनिटरपर्यंत पोचतो.

आणि आता ती खुर्ची. वर-खाली होणाऱ्या गॅस-लिफ्टच्या खुर्चीतून उठताना किंवा बसताना स्थिर विजेचा झटका सुटतो, आणि त्याने मॉनिटर क्षणभर काळा पडतो. ही थाप नाही, जगभर कार्यालयांत लोकांनी हा अनुभव घेतलाय. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, अंगात लोकरीचा स्वेटर, पायाखाली सिंथेटिक मॅट, त्यामुळे या दिवसांत तक्रारी वाढतात आणि जूनचा पाऊस पडला की आपोआप कमी होतात. 'पावसाळ्यात बरा झाला होता' असं सांगणारे माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी खुर्चीबद्दलच विचारतो. तू उठतोस-बसतोस तेव्हाच जाते का, ते लिही. तसं असेल तर केबल खुर्चीपासून लांबून ने, चांगल्या कवचाची घे, आणि पुन्हा गाडी अर्थिंगवर येते.

अर्थिंगवर जरा सविस्तर बोलतो, कारण नाशिकमध्ये निम्मी भुतं तिथूनच निघतात. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू हलकेच लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुझ्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंधळ गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे साधारण 115 व्होल्ट, तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, माणसाला काही होत नाही, पण हाच पत्रा डिस्प्लेपोर्टच्या कवचातून मॉनिटरला जोडलेला असतो. चालू कॉम्प्युटरला केबल लावताना ठिणगी दिसते ती याचीच, आणि पोर्ट जळतात ते असेच. म्हणून केबल लावायची-काढायची तर दोन्हीकडची वीज बंद करून.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांग. फेज ते न्यूट्रल साधारण 230, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ 140-150 दाखवून आकडा नाचत असेल तर अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नाही, किंवा मध्येच तुटलीय. हे काम तू स्वतः करू नकोस, 230 व्होल्ट काही शिकवणी लावत नाहीत. आपल्याकडे खाली काळा दगड, वरची माती उन्हाळ्यात तडकून कोरडी होते, आणि सोसायटीच्या मीटर-रूमशेजारचा मीठ-कोळशाचा अर्थिंग पिट कोणी वर्षानुवर्षं उघडून बघत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलाची स्क्रीन सुधारली, हे मी बघितलंय. मॉनिटर आणि कॅबिनेट वेगवेगळ्या भिंतींवर लावले असतील तर एकाच चांगल्या बोर्डावर आण. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनव्हर्टरमधून लावला असेल तर आधी तो फेक.

पहिल्या आजाराचे दोन किरकोळ भाऊ आहेत, तेही ऐकून ठेव. स्क्रीन पूर्ण काळी न होता नुसता उजेड लुकलुकत असेल, विशेषतः लोडिंग स्क्रीनवर किंवा फ्रेम रेट वर-खाली होताना, तर ते फ्रीसिंकचं काम, म्हणजे मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेम रेटशी जुळवणाऱ्या सोयीचं. व्हीए नावाच्या जातीचं पॅनेल असलेल्या मॉनिटरवर हे जास्त दिसतं. फ्रीसिंक बंद करून बघ, थांबलं तर बिघाड नाहीच. आणि फक्त ब्राउझर किंवा व्हिडिओच्या खिडकीपुरतंच लुकलुकत असेल, तर ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून बघ. तुझी लक्षणं मात्र यातली वाटत नाहीत.

दुसरा आजार, तो खरा त्रासाचा. पंखे पूर्ण वेगाने सुटतात याचा अर्थ बहुतेक वेळा कार्डाने मान टाकलेली असते. पंख्यांना किती फिरायचं हे सांगणारंच कोणी उरलेलं नसतं, म्हणून ते मोकाट सुटतात. हे फक्त गेममध्ये होतं, ब्राउझरमध्ये नाही, असं तूच लिहिलंस. म्हणजे भार आला की. आणि दुकानात गेले ते चार तास? विचार त्यांना, गेम चालवला होता की नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला होता. मला उत्तर माहीत नाही, पण पैज लावायला तयार आहे.

भाराचा हिशोब कर. 6700 एक्सटी पूर्ण जोरात 230 वॉट घेतं, तुझा प्रोसेसर 76 च्या आसपास, बाकी मदरबोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून 40-50. बेरीज 350 च्या घरात. वरवर पाहता 550 मध्ये आरामात बसते, पण एएमडी स्वतः या कार्डासाठी 650 वॉटचा एसएमपीएस सुचवते, आणि त्यामागे कारण आहे. कार्डाची ही 230 वॉट सरासरी आहे. काही मिलिसेकंदांपुरती ओढ तिच्या दीडपटीवर किंवा त्याहून वरही उडी मारते. दोन वर्षं धूळ आणि उष्णता खाल्लेला स्वस्त 550 त्या उडीला डगमगतो.

पण एसएमपीएस बदलण्याआधी झाकण उघडून एक गोष्ट बघ. तुझ्या कार्डाला बहुधा दोन प्लग असतील, एक 8 पिनांचा आणि एक 6 पिनांचा. ते दोन्ही एकाच तारेवरून, शेपटीसारख्या दुसऱ्या डोक्यातून आलेत का? तसं असेल तर मला तुझा दुसरा आजार जवळजवळ सापडला. 8 पिनांचा प्लग 150 वॉटसाठी, 6 पिनांचा 75 साठी, आणि स्लॉटमधून 75 पर्यंत मिळतात. शेपटीवर चालवलंस की साधारण 180 वॉट एकाच तारेतून, एसएमपीएसच्या एकाच तोंडातून येतात. तार गरम होते, टोकाशी व्होल्टेज कमी पडतं, गेममध्ये स्फोट-बिट झाला की कार्डाला श्वास पुरत नाही. एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र तार काढ आणि दोन प्लगना दोन तारा दे. ही तार त्याच एसएमपीएसबरोबर आलेली हवी. दुसऱ्या कंपनीची किंवा दुसऱ्या मॉडेलची सारखी दिसणारी तार लावू नकोस, एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम वेगळा असतो आणि एका क्षणात कार्ड, बोर्ड, डिस्क सगळं जातं. प्लग काढलास की आतल्या पिना पिवळट किंवा करपलेल्या दिसतात का तेही बघ. लावताना 'टक' वाजेपर्यंत दाबायचं.

यूपीएसबद्दलही बोलावं लागेल. 600 व्हीए म्हणजे साधारण 360 वॉट. तुझा कॉम्प्युटर गेममध्ये भिंतीतून 400 च्या पुढे ओढतो आणि वर मॉनिटर. लाइट असते तोवर तो नुसती वीज पुढे ढकलतो म्हणून जमतं. लाइट गेली की त्याला ते झेपणारच नाही. तसं झालं तर सहसा सगळं एकदम बंद पडतं, नुसती स्क्रीन जात नाही, म्हणून तो माझा पहिला संशयित नाही. पण संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं तेव्हा आतला रिले टक-टक करतो, आणि तुझी स्क्रीन त्याच टकेबरोबर जात असेल तर वहीत ठळक लिही. चार दिवस यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीवर खेळून बघ. लाइट गेली तर खेळ जाईल, जाऊ दे.

तारा बदलूनही झालं तर विंडोजला विचार. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघड, सिस्टमच्या नोंदीत जा आणि स्क्रीन गेली त्या मिनिटावर थांब. तिथे 'डिस्प्ले' नावाखाली 4101 हा क्रमांक दिसला तर ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाला होता. कर्नल-पॉवर 41 दिसला तर घाबरू नकोस, तू बटण दाबून बंद केलंस त्याचीच ती नोंद. लोक 41 बघतात आणि एसएमपीएस बदलतात. व्हीया-लॉगर (WHEA-Logger) नावाच्या चुका ओळीने पडल्या असतील तर प्रोसेसर, रॅम किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या, जोडणीत गडबड आहे. तिथे कार्ड स्लॉटमधून काढून परत बसवणं, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन 4 वरून जेन 3 वर, म्हणजे कमी वेगावर आणणं, एवढ्याने मी अर्ध्या केसेस सोडवल्यात. उभं कार्ड लावायला रायझर केबल घातली असेल तर ती काढच. जुन्या रायझर जेन 4 चा वेग पेलत नाहीत. कार्ड वजनाने एका बाजूला झुकलंय का तेही बघ, खालून काहीतरी टेकू दे. माझ्या एका गिऱ्हाइकाने खडूच्या डबीचा टेकू दिलाय, तीन वर्षं झाली.

ड्रायव्हर जुन्यावर नवा टाकू नकोस. इंटरनेट काढ, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या प्रोग्रामने जुना मुळापासून पुस आणि मग एकच साधी आवृत्ती बसव. इंटरनेट काढायचं कारण, विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि तुझी सगळी मेहनत पाण्यात. रॅमचं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने पळवणारी बायोसमधली सेटिंग) दोन दिवस बंद ठेवून बघ, रॅमची चूकसुद्धा कार्डाच्या नावावर खपते. रॅम खोडरबराने घासायची आपल्याकडची पद्धत चालते, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पाडू नकोस. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा.

कार्ड खरंच थकलंय का, हे बघायची रीत सोपी आहे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची कमाल घड्याळगती 2200 मेगाहर्ट्झवर बांध, आणि गेमला 60 फ्रेमचा लगाम घाल. असं आठवडाभर खेळून एकदाही गेलं नाही, तर वीज कमी पडते किंवा कार्ड वरच्या गतीला लटपटतं, दोन्हीपैकी एक. मग मित्राचा 650 किंवा 750 चा एसएमपीएस दोन दिवस मागून आण आणि लगाम काढून खेळ. चाललं तर एसएमपीएस, नाही चाललं तर कार्ड. एवढं करूनच कार्डाला दोषी म्हणायचं. तापमानही बघ. नेहमीचा आकडा नाही, त्याच्याशेजारचा हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा. एएमडी 110 अंशांपर्यंत चालवून घेते, पण नेहमीच्या आणि हॉटस्पॉटच्या आकड्यात 25-30 अंशांची दरी असेल तर चिपची उष्णता वर पोचवणारी आतली पेस्ट वाळलीय. नाशिकच्या मे महिन्यात दोन्ही आकडे आणखी चढतात.

कार्ड सेकंडहँड घेतलंस, म्हणून एक सांगतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) थांबलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस पळालेली कार्डं धुऊन-पुसून बाजारात आली. त्यांचा चिप बहुधा ठीक असतो, पंखे आणि मेमरी थकलेली असते. मेमरी गेली की खूण वेगळीच दिसते: रंगीत चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, आणि तेही बायोसच्या स्क्रीनवरसुद्धा. तसं तुला काही दिसत नाहीये. आणि कोणी म्हणालं की 'चिपला हीट मारून देतो, नवीन होईल', तर हात जोडून बाहेर पड. महिनाभर चालतं, मग कायमचं जातं.

सगळं एकदम करू नकोस. एक बदल, मग दोन-तीन दिवस वापर, मग पुढचा. आधी 60 हर्ट्झ, मग केबल, मग दोन स्वतंत्र तारा, मग यूपीएस बाजूला, मग वायरमन. तरी जात राहिलं तर वही घेऊन ये, मी बघतो. येताना नुसतं कॅबिनेट उचलून आणू नकोस. मॉनिटर, ती केबल, एक्स्टेंशन बोर्ड आणि मॉनिटरला बाहेरचा ॲडॉप्टर असेल तर तोही आण.